पट्ट्यातली पांढरी सायकल

झेंडूचे ढीग दिसायला लागले की मी हल्ली रस्त्याची बाजू बदलते. पुंडलिकनगरातून मोठ्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताचा पहिला ढीग गयाबाईचा. घटस्थापनेच्या आधी तिचा टेम्पो येतो, फुटपाथवर ताडपत्री अंथरली जाते आणि त्या ओल्या, कडवट वासानं सगळा कोपरा भरून जातो. पूर्वी मला तो वास फार आवडायचा. दसरा आला, गाड्या धुवायच्या, हार करायचे, दारावर तोरण लावायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. आता तो वास आला की आधी पाय पलीकडे वळतात आणि मग आठवतं कशामुळे.

गयाबाईच्या समोरच, रस्त्याच्या कडेनं सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यात, एक पांढरी सायकल उभी असायची. हँडलपासून टायरपर्यंत सगळी पांढरी, विजेच्या खांबाला साखळीनं बांधलेली. ती माझ्या नणंदेची, विमलवन्संची सायकल. वन्सं त्याच जागी गेल्या. गेल्या वर्षी, दसरा झाला होता आणि दिवाळी यायची होती, तेव्हा.

वन्सं माझ्या नवऱ्याहून, दिलीपहून, मोठ्या. लग्न केलं नाही. दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलं आणि आमच्याच घरात वरच्या खोलीत राहिल्या. नोकरीला लागल्या तेव्हा घेतलेली सायकल त्यांनी निवृत्त होईपर्यंत चालवली, आणि निवृत्त झाल्यावर तिला नवीन सीट बसवून घेतली. गल्लीतल्या सगळ्यांनी सांगून पाहिलं, आता तरी स्कूटी घ्या. त्या म्हणायच्या, "आन् पाय काय माळ्यावर टाकू?" मलाही त्यांनीच सायकल शिकवली, माझी पन्नाशी उलटल्यावर, शाळेच्या मैदानात, रविवारी. मागं धरल्याचं सांगून हळूच सोडून देतात ना सगळे, तसं त्यांनी कधी केलं नाही. "मंदा, सोडणार हाय बरं का. आत्ता सोडते. सोडलं." मी लगेच पडायचे. त्या मला उठवायच्या आणि परत खरंच सांगायच्या.

ही सायकलची चळवळ वगैरे त्यांच्या डोक्यात कशी शिरली, असं लोक मला विचारतात. मी सांगते, चपलेमुळे. एकदा भाकरी थापता थापता मी त्यांना विचारलं होतं की निवृत्तीनंतर माणसं देवदेव करतात, तुम्ही चौकात पाट्या घेऊन काय उभ्या राहता? त्या ताटात मीठ वाढत होत्या. म्हणाल्या, "अपघाताचा पेशंट येतो ना, त्याच्या पायात एकच चप्पल असते. दुसरी रस्त्यातच राहते. घरचे येतेत, रडतेत, आन् जाताना ती एक चप्पल हातात घेऊन उभे राहतेत. तिचं काय करावं ते कुणालाच सुचत नाय. लई वर्षं बघितलं मी ते." मग जेवायला बसल्या. 

दर रविवारी सकाळी चौकात जमणारी आमची टोळी लहानच होती. त्यात एसटीचे निवृत्त ड्रायव्हर मुश्ताकभाई होते. "वहिनी, जिंदगीभर हॉर्न बजाया, अब घंटी बजाके गुनाह धो रहा हूँ," असं ते मला प्रत्येक रविवारी न चुकता ऐकवायचे. दोनतीन नोकरदार तरुण, एक प्राध्यापक, आणि बहुतेक वेळा चहा प्यायला म्हणून आलेला माझा नवरा. मागणं एकच होतं. आमच्या रस्त्याच्या कडेनं एक पट्टा आखून द्या, नुसती पांढरी रेघ, जिच्या आत सायकलवाल्याला निवांत जाता येईल. त्यासाठी वन्संनी महापालिकेच्या ऑफिसचे किती हेलपाटे घातले ते विचारूच नका. तिथले साहेब वाईट नव्हते, पण त्यांना खरंच वाटायचं की आता सायकल चालवतं कोण. वन्संनी बोटांवर मोजत सांगितलं, क्लासच्या पोरी, कंपनीत पाळीला जाणारी माणसं, दूधवाले, आन् मी. साहेब हसले. तर ही बाई म्हणाली, "हसू नका. खाली चला. बसा माझ्या मागं."

आणि साहेब बसले! कॅरिअरवर, डबलसीट, छातीशी फाइल धरून, संध्याकाळी सगळी ऑफिसं सुटतात त्या वेळेला. मी माझ्या सायकलवरून मागं होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. रिक्षा घासून गेली तेव्हा साहेबांनी पाय वर घेतले. पाण्याचा टँकर शेजारून गेला तेव्हा त्यांनी फाइल सोडून वन्संच्या पदराला धरलं. आमच्या शहरात पाणी नळानं कमी आणि टँकरनं जास्त येतं, त्यामुळे टँकर कायम घाईत. दुसऱ्या चौकात साहेब उतरले, टपरीवर पाणी प्यायले आणि म्हणाले, "सिस्टर, माझ्या मुलीला मी सायकलनं क्लासला जाऊ देत नाही." वन्सं म्हणाल्या, "नका देऊ. पण ज्यायच्या घरी दुसरी गाडीच नाय त्या पोरी कशा जातेत, ते बघितलंत ना आता?"

पट्टा आखायला माणसं आली ती नेमकी पितृपंधरवड्यात. मुकादम म्हणाला, बाई, नवं काम आहे, घट बसू द्या, मग करतो. वन्संनी त्याच्या हातात चहाचा ग्लास दिला. "आख बाबा तू. माझे पितर सायकलवरच फिरायचे, त्यायला चालतंय." दिवसभर त्या तिथं छत्री घेऊन उभ्या राहिल्या, रंग वाळेपर्यंत कुणी त्यावरून जाऊ नये म्हणून. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा त्यांच्या चपलांचे तळवे पांढरे झाले होते आणि जिन्याच्या पायऱ्यांवर त्यांची पावलं उमटली होती. मी चिडले, फरशी पुसायला घेतली, आणि पुसून टाकली. आज ती पावलं असती तर मी त्या जिन्यावर कुणाला चढू दिलं नसतं.

त्या वर्षीचं नवरात्र! पहाटे कर्णपुऱ्याच्या देवीला जाणाऱ्या बायका अनवाणी निघालेल्या असतात, घोळक्याघोळक्यानं, हातात परडी, केस ओले. आम्ही दोघी सायकलवर, नव्या कोऱ्या पट्ट्यातून. हवेत किंचित गारवा, कुठं तरी कापूर, कुठं शाबुदाण्याची खिचडी. ज्या दिवशी जो रंग असेल त्या रंगाची रिबीन वन्संच्या हँडलला. माझ्या ऑफिसातल्या बायका रंगाप्रमाणे साड्या नेसायच्या, तर ह्या सायकलला नेसवायच्या. पट्ट्यात शिरलं की त्यांचा वेग कमी व्हायचा. घाई संपली म्हणायच्या. मागून हॉर्न आला तरी माझी मान वळायची नाही, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की भीती नसणं म्हणजे मान मोकळी असणं.

दसऱ्याला आमच्या टोळीनं सीमोल्लंघन केलं, सायकलवरून. शहराची वेस म्हणून पडेगाव धरलं. तिथून पुढं घरं विरळ होतात आणि दौलताबादचा डोंगर दिसायला लागतो. रस्त्याच्या कडेला थांबून आम्ही एकमेकांना आपट्याची पानं दिली. मुश्ताकभाईंनी इमरती आणली होती, अजून कोमट. वन्संनी माझ्या हातावर पान ठेवलं आणि म्हणाल्या, "मंदे, पुढच्या साली दौलताबादपस्तोर जाऊ. तू काही आता पडत नाहीस." त्यांच्या तोंडून मला मिळालेलं ते एकमेव शाबासकीचं वाक्य. ते पान माझ्याकडे आहे. सोन्यासारखं वगैरे काही राहिलेलं नाही, हात लावला की भुगा होतो.

पट्टा झाला तरी लढाई संपली नव्हती. लोकांना वाटलं, गाड्या लावायला छान जागा केली. कुणी नारळ घ्यायला थांबे, कुणी फोनवर बोलायला, कुणी गयाबाईची फुलं घ्यायला. वन्सं अशा गाडीसमोर सायकल घेऊन उभ्या राहायच्या आणि मालक येईपर्यंत घंटी वाजवायच्या. मालक यायचा आणि प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं असायचं. "दोनच मिनिटं, ताई." वन्सं घरी येऊन नक्कल करायच्या, हाताची दोन बोटं वर करून. ह्या शहरात पुढंमागं जे काय होईल ते दोनच मिनिटांत होईल, असं म्हणून हसायच्या.

त्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यातल्या एका जुन्या मैत्रिणीला फराळाचा डबा द्यायला निघाल्या होत्या. पहिलाच घाणा शंकरपाळ्यांचा, मी बांधून दिलेला. गयाबाईच्या ढिगासमोर, पट्ट्यात, एक गाडी उभी होती. उशीर होत होता म्हणून असेल, वन्सं घंटी वाजवत थांबल्या नाहीत. गाडीला वळसा घालून रस्त्यावर आल्या आणि मागून टँकर आला. एवढंच झालं. टँकरचा ड्रायव्हर डोकं धरून रस्त्यातच बसला होता, असं सांगतात. गाडीवाला फुलं घेऊन निघून गेला असावा, तो कोण होता ते कधीच कळलं नाही.

मी पोचले तेव्हा त्यांना घेऊन गेले होते. शंकरपाळे सगळीकडे सांडलेले आणि पांढऱ्या रेघेजवळ एक चप्पल. मी ती उचलली. ज्या दवाखान्यात त्यांनी आयुष्य काढलं तिथल्याच बाकावर मी ती चप्पल मांडीवर घेऊन बसले होते. आतून एक तरुण सिस्टर आली. मग तिनं वाकून माझ्या हातातून चप्पल घ्यायला हात पुढं केला. मी दिली नाही. कुठं ठेवावी ते मलाही सुचत नव्हतं.

सायकल पांढरी करायची कल्पना टोळीतल्या एका तरुणाची. परदेशात असं करतात म्हणाला, जिथं सायकलवाला जातो तिथं पांढरी सायकल ठेवतात, म्हणजे गाडीवाले बघतात आणि सावध होतात. तेराव्यानंतर आम्ही अंगणात वन्संची सायकल रंगवली. दिलीपनं चाकाची एकेक तार ब्रशनं पांढरी केली.  मग आम्ही ती तिथं नेऊन खांबाला बांधली आणि वाटलं, आता लोक घाबरतील.

पण आपली माणसं कुठली घाबरतात! दुसऱ्याच दिवशी हँडलला गयाबाईचा झेंडूचा हार होता. आठवडाभरानं घंटीला कुंकू. संक्रांतीला कुणी सुगड ठेवलं, तिळगूळ ठेवला. पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी वर पत्रा टाकला, मग खाली विटा रचून सिमेंटचा चौथरा केला, मग भगवा झेंडा. परीक्षेला जाणारी मुलं पाया पडायला लागली. एक बाई मला म्हणाली, सिस्टरबाईला बोलले आन् माझ्या पोराचा ताप उतरला. मला बरं वाटायचं, खरं सांगते. ज्या शहरात रेघ कुणी मानत नव्हतं तिथं चौथरा सगळे मानत होते. त्या जागी कुणी गाडी लावत नव्हतं. मी ऑफिसातून येताना तिथं टेकायचे, दिवसभराचं मनातल्या मनात सांगायचे. कोपऱ्यावरून जाताना रिक्षावाले हॉर्नऐवजी हात जोडायचे. मला वाटायचं, वन्सं, जिंकलात.

ह्या वर्षी घट बसले आणि चौथऱ्याशीही घट बसला. माळ वाढत गेली. सातव्या माळेच्या संध्याकाळी मी गयाबाईकडून फुलं घेत होते. क्लास सुटून पोरी येत होत्या, एकामागं एक, पट्ट्यातून. चौथऱ्याशी आल्या की त्या बाहेर रस्त्यावर वळत, पुढं जाऊन परत आत येत. वर्षभर तशाच वळत असणार. शेवटची पोर वळली तेव्हा तिनं हँडलवरचा एक हात काढून छातीला लावला, वन्संना नमस्कार करायला. सायकल लचकली. मागून टँकर येत होता. त्यानं ब्रेक मारला, इतका जोरात की पाणी वरून सांडलं. पोरगी हसली, जीभ चावली आणि निघून गेली.

माझ्या हातातली फुलं खाली पडली होती. मी त्या सायकलकडे बघत होते. पत्रा, झेंडा, घट, नारळाच्या शेंड्या. पट्ट्यात सगळ्यांत जास्त काळ उभी राहिलेली गाडी आता वन्संचीच होती.

सायकल तिथून काढायला हवी असं घरी सांगितलं तर हे एकदम उसळले. "तेवढंच राहिलंय तिचं, मंदा. तेवढंच." मी म्हटलं, पट्टा राहिलाय ना. ते म्हणाले, पट्टा कुणाला माहीत आहे तिचा म्हणून?  जेवणं तशीच राहिली. वरच्या खोलीत जाऊन ते बराच वेळ बसले आणि खाली आले तेव्हा त्यांच्या हातात सायकलच्या साखळीची किल्ली होती. "मला तिथं यायला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

खरी भीती मला गयाबाईची होती. ती अजिंठ्याकडची, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातली. मालक अजून कळप घेऊन हिंडतो, ही सणासुदीला शेतातली फुलं आणून विकते. वर्षभर सणावाराला तिथं पहिला हार तिचा असे, त्याचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत. खंडेनवमीला सकाळी मी आणि मुश्ताकभाई गेलो. मुश्ताकभाईंच्या हातात पहार होती. गयाबाईनं पहारीकडे बघितलं आणि उभी राहिली.

"काहून आणली ती?"

मी सांगितलं. परवाची पोर, टँकर, सगळं. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, नाय, नाय म्हणून. मग तिचा आवाज फुटला. "ताई, ती गाडी माझ्याच फुलासाठी थांबली व्हती. पाच हार घेतले त्या मानसानं, म्या सावकाश निवडून दिले. सिस्टरबाई गाडीला वळसा घालून गेली ते म्या बघितलं. हाक बी मारली नाय म्या, गिऱ्हाईक व्हतं समोर. आता तेवढी फुलं तर घालू द्या मला तिला."

मला तिचा राग यायला हवा होता का, ठाऊक नाही. आला नाही. मी तिथंच ताडपत्रीवर बसले आणि आम्ही दोघी रडलो, भर बाजारात, खंडेनवमीच्या गर्दीत. लोक फुलांचा भाव विचारत होते. मुश्ताकभाई पाठ फिरवून उभे होते. थोड्या वेळानं गयाबाईनं पदरानं तोंड पुसलं, जाऊन आधी घट उचलला, मग एकेक हार स्वतःच्या हातानं उतरवला. पहार पडली तशी माणसं जमली. देवाचं आहे, हात लावू नका, म्हणाली. गयाबाई त्यांच्यावर ओरडली, "देवीनंच सांगितलंय, वाट सोडा म्हणून! तुमाला काय करायचं?" वन्संना देवी म्हटलेलं आवडलं नसतं. वाट सोडा मात्र त्यांचंच वाक्य होतं.

चौथरा फुटला, विटा बाजूला गेल्या, मुश्ताकभाईंनी झाडू मारला. खालून पांढरी रेघ निघाली, बाकीच्या रस्त्यापेक्षा उजळ, कारण पावसाळ्यापासून तिच्यावर ऊन पडलं नव्हतं. मी सायकल फुटपाथवर घेऊन उभी होते. "हवा भर देता वहिनी, टायर गये होंगे," असं म्हणत मुश्ताकभाई पंप आणायला गेले. मी घंटी दाबून पाहिली. आम्ही इतका रंग फासला होता की ती वाजेना. केसातली पिन काढून मी कडेचा रंग खरवडत बसले.

तेवढ्यात एक गाडी आली आणि नेमकी त्या मोकळ्या जागेत उभी राहिली. मालक उतरला, चांगला हसतमुख माणूस, अंगात नवा सदरा. "मावशी, चार हार द्या, मोठे." गयाबाईच्या हातात हार होते. तिनं ते दिले नाहीत.

"आधी गाडी काढा."

"अहो, दोनच मिनिटं, मावशी."

गयाबाईनं हातातले हार परत ढिगावर ठेवले. मग अगदी हळू म्हणाली, "तेवढी बी लागली नव्हती."

त्याला काही कळलं नाही. कळायला तिथं काही उरलंच नव्हतं, आम्ही सगळं उचललं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पांढऱ्या सायकलकडे पाहिलं, खांदे उडवले आणि गाडी पुढं कुठं तरी नेली. फुलं घ्यायला परत आला नाही. पट्टा ह्या चौकापासून त्या चौकापर्यंत मोकळा दिसत होता, सरळ, जसा त्यांना हवा होता तसा. मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते, आणि त्यात वन्सं कुठंच नव्हत्या.